बिनजोड लिहिलेला डबा

ज्यांचं ऋण माझ्यावर सगळ्यात जास्त आहे, त्यांना आमच्या हॉस्पिटलात सगळे ‘ताईजी’ म्हणत. ताई मराठी, जी हिंदी. खानदेशातून नोकरीसाठी इंदूरला आलो तेव्हा हा शब्द मला एका डोक्यावर दोन टोप्या घातल्यासारखा वाटला होता. आता माझ्याही तोंडून तोच निघतो आणि गावी गेलो की आई हसते.

ताईजी रेकॉर्ड रूमच्या प्रमुख होत्या. घर जुन्या इंदुरात, चार पिढ्यांपासून. कॉम्प्युटरचा माउस त्या वरवंट्यासारखा धरत, आणि कोडची एक ओळही त्यांना येत नव्हती. तरी दोन वेगळ्या सर्व्हरवरची टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, एका क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला विचारलेल्या एकाच प्रश्नात, जोडायला मी त्यांच्याकडून शिकलो, असंच मी सांगतो आणि ते खरं आहे. जोडायचं कसं, हे कॉलेजात शिकवलं होतं. जे जोडलं जात नाही त्याचं काय करायचं, हे तिथं कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यावर चिकटपट्टी लावून शाईनं लिहिलेलं होतं, ‘बिनजोड’. ज्या कागदाची फाइल सापडत नाही किंवा ज्या फाइलीचा माणूस सापडत नाही, त्याची चिठ्ठी त्या डब्यात. रोज सकाळी चहाआधी डबा उघडायचा, एकेक चिठ्ठी हातात घ्यायची, जोडी सापडली की चिठ्ठी त्याच दिवशी बाहेर. हा त्यांचा नियम होता. दुसरा नियम त्या दिवसातून चारदा तरी ऐकवत, “लिहिलं नाही, तर झालं नाही.”

त्या डब्यात पहिल्याच दिवशी मी स्वतः गेलो.

माझे वडील आमच्या गावच्या नगरपालिकेत पाणी सोडायचं काम करतात. कोणत्या आळीची चावी किती वाजता किती फेरे उघडायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. पदवीचा कागद पाहायला शेजारचे आले होते, आणि आईनं तो हात धुऊनच हातात घेतला होता. इंदूरच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागात नेमणूक झाली तेव्हा सगळे दाखले एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी हजर झालो. ऑफिसातल्या बाबूंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, “भिया, ये तो दो अलग आदमी हैं.”

शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं एक नाव होतं, आधार कार्डावर दुसरं. आयुष्यातली पहिली नोकरी, आणि मी मीच आहे हे सांगता येईना, तेही हिंदीत. बाबूंनी मला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं, कारण कर्मचाऱ्यांच्या फायली तिथं उघडत.

ताईजींनी दोन्ही कागद पाहिले. मी मराठी आहे हे बघून मराठीतच बोलल्या.

“वडील काय करतात?”

“पाणी सोडतात.”

“मतलब?”

“नळाला. नगरपालिकेत.”

“अच्छा. मग गावात त्यांना हाक कोणत्या नावानं मारतात?”

मी सांगितलं.

“तेच शाळेत लागलं. मास्तरांनी ऐकलं तसं लिहिलं. यात घाबरायसारखं काय?” त्यांनी माझा एक फोटो घेतला, एका चिठ्ठीला टाचला, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि ती डब्यात टाकली. “आठ दिवसांत प्रतिज्ञापत्र आण. तोवर तू बिनजोड.”

मला हसू आलं. आमच्याकडे बिनजोड म्हणजे ज्याला तोड नाही असा पैलवान, नाहीतर शर्यतीचा बैल.

“हसू नकोस,” त्या म्हणाल्या. “मला माहितीय त्याचा अर्थ. म्हणूनच लिहिलंय.”

आठवडाभरात मी प्रतिज्ञापत्र आणून दिलं आणि कामाला लागलो.

आमच्या हॉस्पिटलाच्या दोन इमारती आहेत. जुनीत नोंदणीच्या खिडक्या आणि तिथला सर्व्हर. रुग्णाचं नाव, पत्ता, फोन, कार्ड नंबर, डॉक्टरांनी कोणत्या तपासण्या सांगितल्या, हे सगळं त्यावर. नवीत लॅब. तिथल्या मशिनींसोबत त्यांचा वेगळा सर्व्हर आला होता. त्यावर फक्त नमुन्याचा नंबर, कार्ड नंबर, नाव, वय आणि रिपोर्ट. दोन्ही सर्व्हर एका तारेनं जोडलेले होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. लॅबचे कागद नव्या इमारतीतून जुन्यात माणूस घेऊन येई.

हे दोन सर्व्हर एकमेकांना दिसतील अशी जोडणी करणं हे माझं पहिलं मोठं काम. त्यात मला एक गोष्ट फार आवडली होती. आपल्याच सर्व्हरवरचं टेबल हवं असेल तर त्याचं नुसतं नाव पुरतं. परक्या सर्व्हरवरचं हवं असेल तर चार भागांचं पूर्ण नाव द्यावं लागतं, आधी सर्व्हर, मग डेटाबेस, मग स्कीमा, मग टेबल. गावात मला नुसतं नावानं ओळखत. इंदूरला आल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव सांगावं लागलं, आणि त्यातही एक भाग चुकला. त्यामुळे हे व्याकरण मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

हिंदीचा मात्र त्रास होता. कुणी फोनवर विचारलं, “सर्वर रूम खाली है क्या?” मी म्हणालो, “नहीं, ऊपर है.” आमच्याकडे खाली म्हणजे तळाशी, त्यांच्याकडे खाली म्हणजे रिकामं. पुढे महिनाभर मी दिसलो की बाबू वर बोट दाखवत.

मग त्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी सकाळी लॅबच्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. मॅडम कमी बोलतात. म्हणाल्या, सोमवार ते बुधवार गरोदर बायकांच्या तपासणीचं मशीन साखर कमी दाखवत होतं. आता ते दुरुस्त झालंय. पण त्या तीन दिवसांत गरोदर बायकांच्या जेवढ्या साखरेच्या तपासण्या झाल्या, त्या सगळ्या पुन्हा करायच्या आहेत. “ज्यांची साखर वाढलेली आहे, त्यांना आपण नॉर्मल लिहून घरी पाठवलंय. त्या गोड खात असतील. पोटातल्या बाळाला ते महागात पडतं. मला त्या प्रत्येकीचा फोन नंबर हवा. दुपारपर्यंत.”

नावं लॅबच्या सर्व्हरवर, फोन नोंदणीच्या सर्व्हरवर. दोन्हींत सारखा असलेला धागा म्हणजे कार्ड नंबर. मला मनातून आनंद झाला, हे कबूल करतो. ज्या कामासाठी मला घेतलं होतं तेच काम समोर आलं होतं. मी क्वेरी लिहिली आणि चालवली.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग खाली, म्हणजे मराठी खाली, नोंदणीच्या खिडक्यांवरून आवाज यायला लागला.

“क्या भिया, कंप्यूटर पोहे खाने गया क्या?”

“अरे जल्दी करो यार, अम्मा को चक्कर आ रिये हैं!”

“सुबू से खड़े हैं, अब बोल रिये अटक गया!”

माझ्या क्वेरीनं लॅबच्या सर्व्हरवरचं अख्खं टेबल, मशिनी बसवल्यापासूनचे सगळे रिपोर्ट, तारेवरून इकडे ओढायला घेतले होते. सगळं इकडे आणून मग त्यातले तीन दिवस ती निवडणार होती. नोंदणीचा सर्व्हर त्या ओझ्याखाली बसला. मी क्वेरी बंद केली आणि जिन्यात उभा राहिलो. ताईजी वर येत होत्या.

“काय केलंस?”

मी सांगितलं.

“म्हणजे तू इथं बसून नव्या बिल्डिंगची सगळी कपाटं इकडे मागवलीस? अरे, तीन दिवसांच्या फायली पाहिजेत, तर तिकडच्या माणसाला सांग ना, बाबा, तीनच दिवसांच्या काढून ठेव. मग तेवढ्या आण.”

वडील म्हणायचे, मुख्य चावी एकदम पूर्ण उघडणाऱ्याला पाण्यातलं काही कळत नाही. खरं तर ते याहून कडक शब्दांत म्हणायचे. मी वर जाऊन क्वेरी बदलली. तीन दिवसांची आणि गरोदरपणातल्या साखर-तपासणीची अट तिकडच्याच सर्व्हरवर लावली, निवडलेल्या ओळीच इकडे आणल्या आणि इथल्या टेबलाला जोडल्या. काही सेकंदांत यादी आली. चोपन्न नावं, चोपन्न फोन. छापून मी ती रेकॉर्ड रूममध्ये नेली, कारण फोन तिथूनच लावायचे ठरले होते.

ताईजींनी लॅबमधून हातानं लिहिलेलं रजिस्टर मागवून ठेवलं होतं. ते मला कळलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलीनं ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“यात एकसष्ट आहेत.”

“यादी सर्व्हरवरून काढलीय, ताईजी. चुकायची नाही.”

“चुकली नसेल. सात कुठेयत?”

“ते जुळले नाहीत, म्हणून आले नाहीत.”

त्यांनी चष्मा काढला. “आले नाहीत कुठे? इथं आल्या होत्या ना त्या? लाइनीत उभ्या राहिल्या, हात पुढे केला, रक्त देऊन गेल्या. तुझ्या कागदात नाहीत, बस.”

मी जो जोड लिहिला होता त्याला इनर जॉइन म्हणतात. दोन्हीकडे जे सापडेल तेवढंच तो दाखवतो. एकीकडेच असलेलं गाळतो, आणि गाळलं हे सांगत नाही. मला हे माहीत होतं. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येऊन गेला होता. पण चोपन्न ही संख्या पडद्यावर आली तेव्हा ती पूर्ण आहे असंच मला वाटलं, कारण तिच्यात एकही जागा मोकळी दिसत नव्हती. ताईजींनी विचारलं नसतं तर मी ती यादी मॅडमना देऊन जेवायला गेलो असतो. हे आठवलं की आजही मान खाली जाते.

मी एक शब्द बदलला. इनरच्या जागी लेफ्ट. म्हणजे लॅबकडच्या सगळ्या ओळी दाखव, इकडे जोडी असो वा नसो. एकसष्ट ओळी आल्या. सात ठिकाणी फोनच्या रकान्यात काही नव्हतं.

ताईजींनी पडद्याजवळ तोंड नेलं. “हे इंग्रजीत काय लिहिलंय?”

“नल.”

“नल? तुझ्या वडिलांचा?”

रेकॉर्ड रूममधल्या दोघीतिघी हसल्या. मीही हसलो, सकाळपासून पहिल्यांदा. “नळ नाही. नल म्हणजे खाली. हिंदी खाली.”

“शिकला रे शिकला,” त्या म्हणाल्या आणि डबा ओढला. सात चिठ्ठ्या लिहिल्या.

सहा तासाभरात सुटल्या. एकीच्या कार्ड नंबराच्या सुरुवातीची शून्यं लॅबमध्ये गळली होती. दोघींच्या नंबरांत शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप झाला होता. अशाच चुका. ताईजी नाव वाचत, मी नोंदणीत तसंच नाव शोधत असे, आणि वय-गाव पडताळून त्या चिठ्ठी बाहेर ठेवत. बाहेरच्या टेबलावर मुली फोन लावत होत्या, “घाबरायची बात नाही, फक्त एकदा परत या.”

सातवी चिठ्ठी राहिली. वय तेवीस. नाव आणि आडनाव मराठी. त्या नावाची कुणीच आमच्या नोंदणीत नव्हती, कधीच नव्हती. कार्ड नंबराचा एक आकडा कमी. मी नाव सहा प्रकारे लिहून शोधलं. मग म्हणालो, “हिचं कार्डच नसेल.”

“कार्ड नसताना लॅबवाला आत घेत नाही.” ताईजी चिठ्ठी उलटसुलट करत बसल्या. मग मला विचारलं, “तेवीस वर्षांची. पहिलं बाळंतपण असणार ना?”

“असेल.”

“मग ती कुठे आली असेल? माहेरी. दवाखान्यात कोण घेऊन आलं असेल? बाप नाहीतर भाऊ. आता खिडकीवर बाप उभा आहे. नाव काय, असं विचारलं. तो काय सांगेल?”

मला अजून कळत नव्हतं. “मुलीचं नाव सांगेल.”

“कोणतं?”

आणि मग कळलं. आमच्यात लग्नात मुलीचं आडनावच बदलत नाही. पुष्कळ घरांत तिचं स्वतःचं नावही बदलतात. खिडकीवर बापानं माहेरचं पूर्ण नाव सांगितलं असणार, आणि लॅबमध्ये मुलीनं सासरचं. दोन सर्व्हरवर एकाच बाईच्या दोन बायका झाल्या होत्या, आणि त्यांच्यात एकही अक्षर सारखं नव्हतं.

“पण मग शोधायचं कसं?” मी म्हणालो. “माहेरचं नाव आपल्याला ठाऊकच नाही.”

“अरे, इकडे एक बिनजोड आहे. तर तिकडेही एक असेलच ना? तिकडचे काढ.”

हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मी क्वेरी उलटी केली. त्या तीन दिवसांत ज्या गरोदर बायकांना साखर तपासायला सांगितली, पण ज्यांचा रिपोर्ट लॅबकडे नाही, त्या दाखव. आत्ता जुळवलेल्या सहा वगळल्या. चार नावं उरली. तिघींना फोन लागला. एक म्हणाली, “गर्दी होती, मी निघून आले.” बाकी दोघींनी तपासणी दुसरीकडे केली होती. चौथी इंदूरजवळच्या बेटम्याची. वय तेवीस. कार्ड तिचं लहानपणीचं, पंधरा वर्षांपूर्वी काढलेलं. फोन वडिलांचा, आणि तो बंद.

ताईजींनी दोन्ही कागद कापडी पिशवीत घातले. “चल.”

“कुठे?”

“बेटम्याला. माणूस समोर आल्याशिवाय जुळलं म्हणत नाही मी.”

मॅडमना सांगून आम्ही दुपारी धारकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. खिडकीतून गरम वारा येत होता. ताईजींनी पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या लग्नातली गोष्ट सांगितली. तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “मग चार दिवस मला कुणी हाक मारली तर मी वळूनच बघत नव्हते. सासूबाई यांना म्हणाल्या, मुलगी चांगली आहे रे, पण कानानं कमी आहे.” हसता हसता त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, “आई होती तोवर जुन्या नावानं हाक मारणारं एक माणूस होतं.”

बेटम्यात पत्त्यावरची गल्ली सापडली. ताईजींनी मुद्दाम आधी लॅबमधलं नाव विचारलं. दारात बसलेली एक बाई म्हणाली, “इस नाम की तो कोई नी यहाँ.” मग दुसरं नाव विचारलं. “हाँ, वो? मोटरवाले भिया की लड़की! अंदर ही तो है.” तिनं समोरचं दुकान दाखवलं. पुढे पंपाच्या मोटरींना वायंडिंग करायचं दुकान, मागे घर.

वडील तांब्याच्या तारेचं रीळ हातात घेऊन उठले. हॉस्पिटलातून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आत मुलगी जेवत होती. ताटात आमरसाची वाटी होती, आणि तिची आई पातेलं घेऊन पुन्हा वाढायला वाकली होती.

“पहिलटकरीण आहे,” आई म्हणाली, “आणि रिपोर्ट पण नॉर्मल आलीय. म्हटलं खाऊ दे पोटभर. पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण ठेवलंय.”

ताईजी जमिनीवर तिच्याजवळ बसल्या. “तहान फार लागते का गं?”

मुलीनं आईकडे पाहिलं. “लागते. उन्हाळा आहे ना.”

ताईजींनी वाटी हळूच ताटाबाहेर ठेवली, जणू जागा करत होत्या. मग मशिनीचं सगळं सांगितलं. वडिलांनी कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली आणि रिपोर्ट उघडून पुढे धरला. “पण इथं तर नॉर्मल लिहिलंय, बाईसाहेब.”

“लिहिलंय, हो. चूक लिहिलंय. आमची चूक. म्हणून तर आलो. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या.”

“फोन करायचा ना...”

“लावला. बंद आहे.”

“पाण्यात पडला हो चार दिवसांपूर्वी.” मग त्यांनी दोन कागदांवरची दोन नावं पाहिली आणि त्यांना सगळं कळलं. मोटरीवर हात टेकवून ते म्हणाले, “खिडकीवर मीच होतो. तोंडातून तेच निघालं. तेवीस वर्षांची सवय आहे.”

मुलगी म्हणाली, “आणि मला सासरी सांगितलंय, आता कुठेही हेच नाव सांगायचं. चुकलं का माझं?”

“तुझंही बरोबर, बाबांचंही बरोबर,” ताईजी म्हणाल्या. “आमच्याकडे रकानाच एक होता.”

शनिवारी सकाळी पहिल्याच बसनं ती तिघं आली. साखर बरीच वाढलेली निघाली. मॅडमनी तिला दाखल करून घेतलं, इन्सुलिन सुरू केलं, खाणं लिहून दिलं. डोहाळजेवण झालं, पण गोड न करता. ताईजींनी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. पावसाळ्यात ती आमच्याच हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये ताईजींनी नोंदणीत ‘माहेरचं नाव’ हा रकाना मागितला. बाबू म्हणाले, “और मर्दों का क्या लिखेंगे उसमें?” ताईजी म्हणाल्या, “ते कुठे नाव बदलतात? त्यांचं खाली ठेवा.” रकाना मंजूर झाला. मॅडमनी सातवी चिठ्ठी कुणी सोडवली असं विचारलं, तेव्हा ताईजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मुलानं काढली.” मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर चप्पल ठेवली. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात मला बोलायला उभं केलं. मी माइक धरला, “ताईजींनी मला...” एवढंच म्हणालो आणि बसलो. पण घरी गेल्यावर त्यांचा नियम आठवत राहिला. जे लिहिलं नाही, ते झालं नाही. त्यांचं घर माझ्या खोलीपासून स्कूटरनं वीस मिनिटांवर आहे, तरी मी पोस्टानं पत्र पाठवलं. ते असं:

ताईजी,

वाकून नमस्कार. तुम्ही म्हणाल, येऊन बोलायचं सोडून याला पत्र कशाला सुचलं. बोलायला आलो तर तुम्ही खायला वाढाल आणि मी खाऊन परत येईन, म्हणून.

समारंभात जे वाक्य अर्धं राहिलं, ते असं होतं. ताईजींनी मला मोजायला शिकवलं. यादीत कोण आहेत ते कुणीही मोजतं. तुम्ही मला कोण नाहीत ते विचारायला शिकवलंत. माझ्या घरात याआधी कुणी ऑफिसात बसलेलं नव्हतं, त्यामुळे ऑफिसात कसं वागतात हे मी पाहून पाहून शिकलो, आणि पाहायला तुम्ही मिळालात. हे नशीब आहे असं वडील म्हणतात. ते पाणी सोडायला जाताना अजून तुमची गोष्ट लोकांना सांगतात, त्यात बेटम्याला बसऐवजी तुम्ही ट्रॅक्टरनं जाता.

आता कामाचं. दोन्ही सर्व्हरची यादी रोज सकाळी आपोआप निघते. पहिल्या कागदावर जुळलेले, दुसऱ्यावर न जुळलेले, दोन्ही बाजूंचे. दुसऱ्या कागदाला मी ‘बिनजोड’ असं नाव दिलंय. तुमच्या जागी आलेल्या नवीन मॅडमनी विचारलं, हा कोणता टेक्निकल शब्द? मी म्हटलं, आपल्या हॉस्पिटलचा. चहाआधी तो कागद मी वाचतो. काल त्यावर तीन नावं होती, दुपारपर्यंत सुटली.

बेटम्याची लेक परवा छोटीला लसीकरणाला घेऊन आली होती. कार्ड काढताना खिडकीवर तिनं स्वतःची दोन्ही नावं सांगितली, न विचारता. छोटी चालायला लागलीय. तुम्हाला विचारत होती. म्हणजे तिची आई.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. डबा तुम्ही माझ्याकडे सोपवलात. रविवारी मी तो पुसायला रिकामा केला. तळाशी, कागदाच्या अस्तराखाली, माझा फोटो टाचलेली चिठ्ठी निघाली. तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘कागद दोन, मुलगा एक. बापाचं घरचं नाव शाळेत लागलं. हिंदी कच्ची, शिकेल.’ माझं प्रतिज्ञापत्र त्याच आठवड्यात फाइलीला लागलं होतं, मी तपासलं. तुमच्या नियमानं चिठ्ठी त्याच दिवशी डब्यातून निघायला हवी होती.

चुकून राहिली असेल तर कळवा, फाइलीला लावून टाकतो. चुकून राहिली नसेल तर आहे तिथेच ठेवतो.

तुमचा,
कॉम्प्युटर विभागातला